नोटा तपासायचा टॉर्च

पतपेढीतला जुना टॉर्च,
नोटा तपासायचा.
रात्री साडेदहाला घरभर फिरवते.
जांभळ्या उजेडात विंचू हिरवट पेटतो,
खोटं बोलता येत नाही त्याला.

खारघर, सेक्टर पस्तीस.
मागे डोंगर पोखरतायत टॉवरसाठी,
तेव्हापासून येतात.

आधी सुपारीला बेडरूममध्ये कोंडायचं.
दाराआडून तिच्या शिव्या.
मग चपला झटकायच्या,
पायपुसणं उलटं,
सिलिंडरमागे, तिच्या वाळूच्या टबाखाली,
मोरीची जाळी. जाळीवर पाटा ठेवलाय,
वरवंटा कुठल्याशा टेम्पोत राहिला.

परवा तिनं पंजा उगारला
आणि मी ताट सोडून धावले.
निघाली शेजारच्या ओवीची केसांची क्लिप.

आज शू-रॅकखाली खरंच.
पाठीवर पिल्लं, तांदळाच्या कण्यांएवढी,
एकमेकांवर रेललेली.
ती चमकत होती. पिल्लं नाही, अजून.
पाच घरं बदलताना
ती म्हण मीच हसत सांगायचे
सामान उचलणाऱ्यांना.
बिऱ्हाड असं दिसतं
हे माहीत नव्हतं.

लोणच्याची बरणी पालथी घातली,
खालून लग्नपत्रिका सरकवली, जाडसर.
गेटवर रखमाजी म्हणाला, "ठेचा की, मॅडम."
मी पत्र्याच्या कुंपणापर्यंत चालत गेले,
हात लांब धरून,
बरणीकडे न बघता.

परत येऊन दार उघडलं.
सुपारी थेट शू-रॅकखाली.
फरशीला नाक लावून
किती तरी वेळ बसली,
आणि मग माझ्याकडे असं बघितलं
की मी तिच्या पाहुण्यांना
न जेवताच घालवलं.