डावं दार

अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या तिसऱ्या गल्लीत
पत्र्याखाली उभी आहे दोन दारांची गाडी,
एके काळी पळणारी, आता चौथ्या मालकाची.
अंगावर काळा मॅट रॅप, पाच उन्हाळे सोसलेला.
बॉनेटवर तर पार पापड झालाय,
नखानं उचलला की तुकडा येतो, सलग येत नाही.

रेवण हविनाळे म्हणाला, काढ सगळं,
खालचा लाल दिसू दे परत.
मी म्हणालो, लाल कंपनीचा नाही, नंतर मारलेला आहे.
निघाला तर?
तो हसला. मी बिलावर लिहून घेतलं:
रंग निघाल्यास जबाबदारी नाही.
खाली त्याची लांबलचक सही, कागद संपेपर्यंत.

एप्रिलात सोलापुरात हीट गन फारशी लागत नाही.
गाडी अकराला उन्हात ढकलायची,
चहा पिऊन यायचं,
पालथा पंजा टेकवून बघायचं.
चटका बसावा, पण हात काढावासा वाटू नये,
तेवढीच हवी.
मग कोपरा धरायचा आणि ओढायचं,
वर नाही, मागं,
पत्र्याला जवळजवळ चिकटून,
झोपलेल्या पोराखालचं पांघरूण काढतात तसं.

छत निघालं. डिकी निघाली.
उरलेला गोंद खोबरेल तेलानं भिजवून ठेवला,
थिनर दाखवला असता तर लालही गेला असता धुऊन.
गाडीला शेजारच्या चादर कारखान्यातल्या बायकांच्या
रविवारच्या केसांचा वास यायला लागला.

उजव्या बाजूला काय काय सापडलं:
हँडलखाली बांगड्यांचे ओरखडे,
चाकाच्या कमानीवर गिट्टीचे टवके,
पेट्रोलच्या झाकणाशी कुणीतरी नेलपॉलिशनं बुजवलेला खड्डा,
दुसऱ्याच लालचा.

डाव्या दाराला मात्र आवाजच वेगळा आला.
चर्र नाही. सुर्र.
हातातला रॅप जड लागला,
उलटा करून पाहिला तर आतून लाल.
तळहाताएवढा, मग परातीएवढा,
आणि दारावर कंपनीचा पांढरा,
गुळगुळीत, चकचकीत.

चकचकीत. तिथंच थांबलो मी.

जुना रंग आधी आंधळा करावा लागतो,
त्याशिवाय नवा धरत नाही,
हे मकबूल नदाफांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलेलं
विजापूर रोडच्या शेडमध्ये.
चारशेचा पेपर, पाणी, पत्रा धूसर होईतो.
मी एकोणीस वर्षांचा. तीनला लाइट जाणार होती.
उस्ताद नमाजाला गेले, तेवढ्यात
मी डाव्या दारावर ओलं फडकं फिरवलं.
परत येऊन त्यांनी विचारलं, घासलंस?
मी मान हलवली.
त्यांनी गन उचलली.

बिजागरीपाशी, आतल्या कडेला, अजून आहे
माझ्या टेपनं सोडलेली वाकडी रेघ.
काळ्या कपड्यात आली म्हणून ओळखली नव्हती गाडी.
उस्ताद जाऊन सहा वर्षं झाली.

पूर्व भागात वडील सूत रंगवायचे,
दोन्ही हात कोपरापर्यंत निळे, लग्नाच्या फोटोतसुद्धा.
म्हणायचे, रंग पक्का की कच्चा
ते आपल्या टाकीत कळत नाही रे,
दुसऱ्याच्या घरी धुतल्यावर कळतं.

रेवणचा फोन. काय करलालास बे अजून?
डावं दार राहिलंय.
रंग निघाला का?
निघाला.
जाऊ दे की मग, लिहून घेतलायस तू.

बिल खिशातच होतं,
घामानं सही फुटून शाई शर्टाला लागलेली.
मी बादली भरली. चारशेचा पेपर बुडवला.
साडेचार झाले तरी ऊन हलायला तयार नव्हतं.
घासलं. उरलेला लाल उतरवून पुन्हा घासलं,
दारात माझं तोंड दिसेनासं होईतो.
पांढरं पाणी कोपरावरून चपलेत उतरत राहिलं.

इरेश केव्हाचा वही घेऊन उभा होता.
मामा, म्हणाला, हे कशात धरायचं?

म्हटलं, पाणी बदलून आण.