एका दिवसाचा परवाना

फेब्रुवारीत धुकं कचेरीच्या काचेला टेकलेलं असतं
तेव्हा बेल्मिरू येतो.
टोपी काढून गुडघ्यावर ठेवतो,
मी फॉर्म काढते.
काय जाळायचं? ऑलिव्हची छाटणी.
कुठे? चॅपेलमागच्या तुकड्यात.
पाइनपासून किती लांब? तीस पावलं.
दर वर्षी तीसच.
मी एकदा रविवारी गुपचूप चालून पाहिलं, एकवीस भरली.
पाणी? दोन बादल्या, आणि सून.
सून रकान्यात मावत नाही. बादल्या लिहिते.

"माझा बाप वाऱ्याला विचारायचा," तो म्हणतो,
"बोट ओलं करून, असं वर धरून.
मी तुला विचारतो, तू त्या मशीनला,
आणि मशीन बहुतेक वाऱ्यालाच विचारत असेल."
चुकत नाही तो.
पडद्यावर हिरवं उमटतं: हवेत ओल, वारा पडलेला.
शिक्का.
दिवस मावळायच्या आत विझवायचं,
राख उकरून हात लावून बघायचा,
गार झाल्याशिवाय जागा सोडायची नाही.
पाठ आहे त्याला. तरी मी वाचून दाखवते.

बाकीचं गावही याच टेबलाशी येतं.
बेकरीवाली ग्रासिंडा, धुराडं झाडल्याची पावती घेऊन,
जी तिचा मेहुणाच लिहितो.
कॅफेवाला आदेलिनो तर येतही नाही, मलाच जावं लागतं.
त्याच्या आग विझवायच्या नळकांड्याची मुदत संपून दोन वर्षं झालेली,
वर फडकं वाळत घातलेलं.
"आग लागलीच तर बिअर आहे की!"
मी हसले. नोटीसही दिली.
उन्हाळाभर माझं उत्तर एकच असतं,
म्हणून माघारी मला नाहीबाई म्हणतात.

मग त्या ऑक्टोबरात वणवा आला.
त्याने अर्ज केला नव्हता.
ढिगाची उंची, जबाबदार इसमाचं नाव,
सगळे रकाने कोरे ठेवून
रात्री अकराला डोंगर उतरला.
आम्ही नदीत जाऊन उभे राहिलो,
गुडघाभर, पाणीच तेवढं होतं.
आदेलिनोने खरंच बिअर ओतली, खोक्यामागून खोकं.
उंबरा वाचला.
उंबऱ्यामागे काही नव्हतं.

फेब्रुवारीत बेल्मिरू आला. टोपी गुडघ्यावर.
काय जाळायचं?
"काही नाही."
मग परवाना कशाला?
"तारीख आली."
मी कॉफी केली. कोरा फॉर्म घडी घालून
त्याने टोपीत ठेवला आणि गेला.
पुढच्या वर्षीही. त्याच्या पुढच्याही.
कोऱ्या कागदाची नोंद कुठे करायची
ते नियमावलीत नाही.

परवा आला तेव्हा नखांत माती होती.
ऑलिव्ह वरून मरतं, म्हणाला, खाली हट्टी असतं.
काळ्या बुडख्यांना फुटवे आलेत,
एकेक धट्टाकट्टा ठेवून बाकीचे छाटले.
ढीग केवढा?
त्याने दोन्ही हात पुढे करून
कुणाचं तरी बाळ घ्यावं तसे वळवले.
कवळाभर.
मशीनला शब्द चालत नाही, आकडा मागतं.
मी काहीतरी आकडा घातला.

पाइनपासून किती लांब?
"पाइन कुठे राहिलेत..."
थांबला. टोपीची कड चाचपली.
"रोपं आलीत नवी. एकवीस पावलं. मोजली मी."
पाणी?
"दोन बादल्या."
पुढे काही बोलला नाही. सून आता लिऑनला असते.

मी कचेरीला कुलूप घातलं.
दुपारी दोनला ओली पानं चरचरत पेटली,
धूर सरळ वर गेला, पाचच मिनिटं.
एक बादली त्याने ओतली, एक मी.
मग राखेत हात घातला.
कोमट.
त्याने दगडावर जागा करून दिली,
म्हणाला, बस, नियम आहे.