पान अठरा

वसतिगृहाच्या स्मरणिकेसाठी फॉर्म आलेत.
नाव, बॅच, खोली, उल्लेखनीय कामगिरी.
चार ओळींत.

खैरनार सर्जन. आहेरची द्राक्षं
रॉटरडॅमला उतरतात.
पगारे न्यायाधीश, फोटो टायसकट.

दौलत झिरवाळचा फॉर्म मुलीनं भरलाय :
खोली नऊ. कंडक्टर, पेठ डेपो. कैलासवासी.
कामगिरीपुढे एक आडवी रेघ.

त्या रेघेशी मी अडून बसलोय.

ब्याऐंशीचा ऑगस्ट. गंगेला पूर,
खैरनार टायफॉइडनं बरळतोय, रिक्षा नाही.
दौलतनं त्याला सायकलच्या नळीवर बसवलं,
निघाला सिव्हिलला.
त्र्यंबक नाक्यावर चेन तुटली,
मग ढकलत, शिव्या घालत.
पहाटे परतला तेव्हा मेसमध्ये
एकच करपलेली पोळी.
तीही अर्धी मला दिली त्यानं.

हे कसं बसवू चार ओळींत?

काल खैरनारचं प्रूफ तपासून आलं.
सगळ्या पदव्या खोडून
त्या न लागणाऱ्या डॉक्टरी अक्षरात एवढंच :
नळीवर बसलो होतो. पोचलो.

डीटीपीवाला पोरगा विचारतो,
काका, नळीवर म्हणजे? चुकलंय का काही?

नाही रे, म्हटलं. तसंच राहू दे.
अन् ती रेघ
जरा ठळक कर.