चार मिनिटं पुढं

सकाळी चहा उतू जायच्या आत
मी चावी देते.
अंगठा आणि पहिलं बोट. बावीस वेळा,
कधी तेवीस. मग आतून काहीतरी
हळूच अडतं, आणि तिथंच थांबायचं.
हे मला नांदेडच्या खाजामियाँनी शिकवलं,
वजिराबादेत, पहिल्या पगाराच्या दिवशी,
डोळ्यावरचं भिंग न काढता:
"बाई, जोर नक्को. अड्या तो बस.
काटे उल्टे नक्को फिरावो.
और रात में तारीख कू हात नक्को लगावो,
नौ से तीन. उस बखत अंदर दाँते
एक-दूसरे में अटके रहते."

मनात म्हटलं, हे तर आमच्या ट्रेनिंगमधलंच:
ओढायचं नाही, वाट पाहायची.
आणि नऊ ते तीन, नेमक्या याच वेळात तर
वसमतकडची लेकरं यायची.

एचएमटी. पांढरी तबकडी, लाल सेकंदकाटा.
तो काटा मला हवा होता,
बाकीचे दोन वर मिळाले असं समजा.
पंधरा सेकंद नाडी मोजायची, गुणिले चार.
हळद शिजायच्या दिवसांत
कढईजवळून उठून यायच्या बाया,
त्यांचं मनगट धरलं की माझा पट्टा पिवळा.
चार पट्टे बदलले. हा पाचवा,
याला अजून हळद माहीत नाही.

हात धुताना काढून खिडकीत ठेवायचं.
रेडिओच्या डोक्यावर कधीच नाही.
एकदा ठेवलं, तर पिसाळल्यासारखं पळत सुटलं;
खाजामियाँनी भूत उतरवावं तसं
त्याच्यातलं लोहचुंबक उतरवून दिलं.

एक गोष्ट मात्र त्यांनाही सांगितली नाही.
ते मी मुद्दाम चार मिनिटं पुढं ठेवायचे.
साडेआठची एसटी कुरुंद्याच्या फाट्यावर
कुणासाठी थांबत नव्हती.
एसटी सापडायची. पण ती चार मिनिटं
नोंदवहीत उतरत गेली, एकतीस वर्षं,
पाच गावांची लेकरं,
आणि कुणाच्या पत्रिकेतला कोणता ग्रह
कुणाच्या घरात जाऊन बसला, देव जाणे.

परवा मुंजाजी आला, अनुसया कऱ्हाळेचा धाकटा.
बत्तीस पूर्ण. सोयरीक जुळत नाही.
"पूर्णेचे गुरुजी म्हनले, टाइम पक्का आना.
वहीत दोन-चौदा हाय.
बरोबर हाय का वो सिस्टर?"

मी चष्मा शोधायचा बहाणा केला.
दोन-चौदा माझ्या घड्याळात.
खऱ्यात दोन-दहा.
सांगणार होते. तोंड उघडलंही.

तेवढ्यात ती रात्र समोर: कंदील,
लेकरू बाहेर आलं की आधी घड्याळ पाहायचं
ही हाडात बसलेली सवय, दोन-चौदा,
आणि मग खाली पाहते तर निळं.
ओला मासा धरावा तसं धरलेलं,
पाठ चोळतेय, तोंडातलं काढतेय,
अनुसया विचारतेय, "काहून रडंना वो?"
लाल काट्याची एक चक्कर.
दुसरी.
तिसरी. त्या काट्याला मी तेव्हा
जे बोलले ते इथं लिहीत नाही.
चौथी संपता संपता मुंजाजी रडला.

घड्याळ चार मिनिटं पुढं,
आणि तू चार मिनिटं मागं.
पदराआड बोटांवर पुन्हा मोजून पाहिलं.
"बरोबर आहे," म्हटलं. "दोन-चौदा.
एक सेकंदही हलवू नका म्हणावं गुरुजींना."

त्यानं बशीत चहा ओतला,
मोबाईल माझ्या मनगटाजवळ आणला,
"सिस्टर, हे पुढं चाललं की वो.
मागं घेऊ का?"
आणि बोट चावीकडं.

"हात नको लावू," मी म्हटलं,
"उलटं फिरवायचं नसतं."
चहात साखर पडली नव्हती, गडबडीत.
तसाच प्यायला बिचारा.