किरणांचा माग

नागेश दुड्याल दर वर्षी मे महिन्यात येतो,
स्कूटीवर पायांमध्ये कॅबिनेट धरून.
चादरीत गुंडाळलेलं. चादरीवर मोर, अर्धा विटलेला.
"ओ अण्णा, कार्ड बदलायचंय. लै अडकालंय."

बाहेर चव्वेचाळीस. नव्या पेठेत डांबर चपलेला चिकटतं.
मी बाजूचा पत्रा काढतो
आणि पंख्याच्या पात्यांतून रुई निघते,
करडी, दाबून बसलेली,
उशीपुरती नाही, पण चार वातींपुरती नक्की.
त्याच्या खोलीखाली आठ माग चालतात, दोन पाळ्यांत.
त्या घरात सगळ्यांच्या भुवयांवर हेच असतं.

"कार्ड मेलं नाही बे. दम लागलाय त्याला."

पटत नाही. मोबाइल माझ्या नाकापुढे धरतो.
एक ओला रस्ता, रात्र,
डबक्यात दुकानाची लाल पाटी उलटी थरथरते,
कुणी पाय टाकला की तुटते, परत जुळते.
"रे ट्रेसिंग, अण्णा. एकेक किरण कुठून आला, कुठं गेला,
कार्ड त्याचा माग काढतं.
माझ्यात डबकं नुसतं निळं. रंग दिल्यासारखं."

मॉनिटर कुठला? — भंगारातून आणलेला, साठ हर्ट्झ.
एसएमपीएस? — कॅबिनेटसोबत आलं तेच.
पैसे?
तो बोटं दाखवतो, दोऱ्यानं चिरलेली.
दोन वर्षं कांड्या भरून अकरा हजार चारशे.

बिलाच्या पाठीवर मी मांडून दाखवतो.
नवं कार्ड, मग त्याला झेपेल असं एसएमपीएस,
मग पडदा, नाहीतर एवढं सगळं दिसणार कशावर?
विहिरीवर मोटर दहाची बसवलीस
आणि पाइप अर्ध्या इंचाचाच, तर पाणी तेवढंच.
शिवाय ज्या दोन गेमांत तू रात्री घालवतोस
त्यांत असलं डबकंच नाही.

(विकलं असतं तर दीड हजार सुटत होते
आणि गाळ्याचं भाडं तटलं होतं.
हेही लिहून ठेवतो, उगाच साधू वाटायला नको.)

तेवढ्यात त्याचे वडील आले, अंबादास,
स्टुलावर बसले, कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं.
"ह्याला पण कार्डच म्हणतात?"
त्यांनी जन्मभर पुठ्ठ्याची कार्डं ओवली,
भोक असेल तर धागा उठतो, नसेल तर बसून राहतो,
त्या मोराला चारशे बारा लागली होती.

म्हणाले, "मालक दर साली नवीन मशीनची पुस्तकं आणतो.
मी म्हणतो, माग वयानं जुना होत नाही.
न झेपणारं डिझाइन ऑर्डरीत येतं
त्या दिवशी होतो.
त्याच्या आधी तेल, साफसफाई, आणि गप बसायचं."

नागेशनं मोर परत गुंडाळला.
एकतीसचे बावन्न फ्रेम झाले होते, रुई काढल्यावर.
आभार मानले नाहीत. घुश्शातच गेला.

दिवाळीनंतर फोन.
गेम सुरूच होत नाही, एक ओळ येते फक्त,
तो ती रिपोर्ट वाचावा तशी वाचून दाखवतो:
हे हार्डवेअर चालणार नाही.
सेटिंग खाली आणून बघितलंस?
"सगळं खाली आणलं. उघडतच नाही, अण्णा."
मग ये, म्हटलं. आता ये.

कार्ड वापरलेलं मिळालं, दीड वर्षाचं,
पुण्याच्या एका पोरानं त्याहून नवं घेतलं म्हणून.
एसएमपीएस मी उधारीवर दिलं. पडदा तोच राहिला.

हप्ता घ्यायला गेलो तर खाली माग धडधडत होते,
जिना हलत होता.
वर नागेश खेळत नव्हता.
त्यानं आपला माणूस डबक्यापाशी उभा केला होता
आणि मागून शत्रू गोळ्या झाडत होते.
"मरशील की बे," मी म्हणालो.
"थांबा ओ," तो म्हणाला, "पाटी बघा."

त्यांच्याकडे नळाला चौथ्या दिवशी पाणी येतं.
मी चप्पल काढून खाली बसलो.
पंख्याच्या जाळीवर पायमोज्याचं कापड ताणून बांधलेलं होतं,
त्यावर रुईचा पहिला पातळ थर.