नेद्येल्या

बार्देयोवच्या भाजीबाजारामागं,
ज्या बोळात ऊन साडेअकराला येतं आणि बाराला जातं,
तिथं द्राहोमीरा कपडे शिवते.
तिच्या वडिलांचा अकॉर्डियन घेऊन गेला
प्स्कोवहून आलेला दुरुस्तीवाला, लावरेंती.
गुरुवार होता. भात्याला भोक होतं.
जाताना म्हणाला, "चेरेज नेद्येल्यू."

तिनं ऐकलं: रविवारी.
तिच्याकडे नेद्येल्या म्हणजे रविवार, त्यात विचारायचं काय?

रविवारी तिनं कोबीचं सार चढवलं,
दोन ताटल्या मांडल्या,
तो ब्लाउज घातला, ज्याचं वरचं बटण गळ्याला काचतं.
चार वाजले. सहा वाजले.
कोबी बुडाला लागला.
"घेऊन पळाला," ती जिन्यातल्या मांजराला म्हणाली.

सोमवारी खालच्या मजल्यावरचे श्टेफान्को मास्तर
पँट आखूड करून घ्यायला आले, आणि हसत सुटले.
"अगं, त्याच्याकडे नेद्येल्या म्हणजे आठवडा!
पण शब्द एकाच घरातला.
ने म्हणजे नाही, द्येलाती म्हणजे करणं.
न करण्याचा दिवस. नांगर नाही, चरखा नाही,
सुई तर नाहीच नाही."
(हा 'ने' मला ओळखीचा वाटला,
आपल्या 'नको'च्या तोंडवळ्याचा.)
"मग पूर्वेकडे हा दिवस फुगत गेला,
एका विसाव्यापासून दुसऱ्यापर्यंतचे
सगळे कष्टाचे दिवस त्यानं पोटात घातले.
रविवार बिचारा बिननावाचा राहिला,
त्याला पुनरुत्थानाचं नाव दिलं.
पण सोमवार अजून चहाडी करतो:
तुझ्याकडे काय, त्याच्याकडे काय,
तो नेद्येल्याच्या नंतरचाच."
(आणि आपण?
सात दिवसांना आठवडा म्हणतो, कुणी हिशेब मागत नाही.)

"माझा रविवार गेला तो गेलाच," द्राहोमीरा म्हणाली,
"तुमची पँट बुधवारी."
तरी मंगळवारपासून
जिन्यात पाऊल वाजलं की तिची सुई थांबायची.

गुरुवारी तो आला, पेटी पोटाशी धरून,
वेळेवर आलेल्या माणसाच्या चेहऱ्यानं.
तोंडात टाचण्या धरूनच तिनं दार उघडलं.
"नेद्येल्या," तो म्हणाला, जोर मधल्या अक्षरावर.
"नेद्येल्या," टाचण्या काढून ती म्हणाली, जोर पहिल्यावर,
आणि यंत्रावर झाकण टाकलं
भर गुरुवारी, ऊन बोळात असताना,
गिऱ्हाइकाची एक बाही जोडायची राहिलेली.

भात्यातून निघालेला पहिला सूर
बेसूरच होता.