पहिल्या बाजूचं तिसरं

वडगावात, इरण्णाच्या मागल्या खोलीत
आम्ही पाचजण जमखान्यावर.
मधे शेंगांची ताटली
आणि विणकरांच्या मजुरीची जुनी वही,
जिच्या उलट्या बाजूनं मी आकडे घातलेत, एक ते दहा.

दहाच गाणी त्या कॅसेटवर.
दहांतून दहाच लावायची ओळीनं,
तरी साडेअकरा वाजले.

नावं कुणालाच ठाऊक नाहीत.
इरण्णाच्या थोरल्या भावानं एकोणऐंशी साली
कॅम्पातल्या एका हवालदाराकडून टेप आणली, एका रात्रीपुरती,
दोन रेकॉर्डर समोरासमोर ठेवून उतरवली
आणि कव्हरावर निळ्या शाईत लिहिलं :
डिस्को. तीन बहिणी.
बहिणी होत्या की नाही, कोण विचारणार.
फोटो नव्हता, म्हणून आम्हीच त्यांना चेहरे दिले;
मधलीला माझ्या मावशीचा.

गाण्यांनाही आम्हीच बारशी घातली :
लाइट जायचं. उचकीचं. सांबऱ्याच्या विमानाचं.
भाकरी थापायचं, ज्यात टाळ्या आहेत.
आणि पहिल्या बाजूचं तिसरं,
त्याला नाव द्यायला कुणी धजलं नाही.

त्या कुठल्या भाषेत गायच्या देव जाणे.
इरण्णा ते कानडीत चुकीचं म्हणायचा,
मी आणि परशा अष्टेकर मराठीत चुकीचं,
फिलोमिना कोकणीत, बशीर त्याच्या घरच्या उर्दूत.
बाहेर चौकात पाट्यांवर डांबर फिरत होतं तेव्हाही
आत आमच्या चुका
एकमेकींच्या यमकात बसत.

आज भांडण दुसऱ्या नंबरावरून.
परशा म्हणतो उचकीचं; त्याला त्यावर नाचता येतं,
एवढंच एक.
बशीर म्हणतो विमानाचं,
आणि कारण सांगत नाही.
कुवेतला जाताना त्याची आई
सांबऱ्याच्या फाटकाशी उभी होती,
ते आम्हाला माहीत आहे, म्हणून कुणी विचारत नाही.
पहिल्या नंबराला चार मतं तिसऱ्याला.
इरण्णाचं एकट्याचं चौथ्या क्रमांकाचं.
चाळीस वर्षं हा माणूस चौथ्यावर अडून आहे.

मग फिलोमिना पर्समधून फोन काढते.
जावयानं शोधून दिलंय म्हणे, अस्सल, कंपनीचं.
लावते.

त्याच तीन बायका. तोच सूर.
पण धुऊन, इस्त्री करून ठेवल्यासारखा.
कडव्याच्या शेवटी आम्ही सगळे
एकदम मान हलवायला जातो
आणि मान हवेतच राहते.
तिथं काही नाही.
ठेक्याच्या किंचित मागून येणारं ते खट्याक,
ज्यासाठी आम्ही जीव टाकायचो,
ज्याला परशा परदेशी ड्रम म्हणायचा,
ते नाहीच.

“हे न्हवं ते,” बशीर म्हणतो.
“हेच ते,” फिलोमिना म्हणते.

इरण्णा भिंतीकडे बघतो.
जमिनीत अजून तो खड्डा आहे,
जिथं पाय सोडून त्याचा बाप बसायचा.
“त्या रात्री लग्नाचं लुगडं द्यायचं होतं,” तो म्हणतो,
“अप्पा थांबला न्हाई. दादानं दोनदा सांगितलं, आवाज येऊलालाय.
अप्पा म्हणाला, माझा धोटा मोठा का तुझी डिस्को?”

माग मागेच गेला, लाकडाच्या भावानं.
कॅसेट माझ्याकडे आहे, पण टेपचा पट्टा तुटलाय.
कुणी काही बोलत नाही; शेंगा सोलल्याचा आवाज तेवढा.

मग फिलोमिना गाणं पुन्हा पहिल्यापासून लावते
आणि कडव्याच्या शेवटाला
इरण्णाचा तळवा फरशीवर पडतो,
किंचित उशिरा.
अगदी तेवढाच उशिरा.
माना हलतात.

गाणं संपतं. मी पेन उचलते.
“मग इरण्णा, आता तरी एक नंबर?”

“चौथंच,” तो म्हणतो.
“बाप हाय म्हणून मार्क वाढवूचे न्हाईत.”

मी चौथं लिहिते त्याच्या रकान्यात.
बाहेर शेवटची बस शहापूरकडे वळते.
परशा ताटलीतल्या टरफलांत एखादी शेंग चाचपतो
आणि विचारतो,
“मग उचकीचं काय ठरलं?”